हळदीचा दावा जिंकला, जखमेचे काय?

घोडबंदर रोडच्या दोन्ही बाजूंना टोलेजंग टॉवर उभे राहिले. त्या टॉवरमधल्या स्वयंपाकघरांत राबणाऱ्या आपल्या आयाबहिणी मात्र चाळींत आणि पाड्यांत राहतात. उकळते तेल, गरम पाणी, पेटती शेगडी यांच्याशी त्यांचा दिवसभराचा संबंध. भाजण्याचा धोकाही त्यांच्याच वाट्याला अधिक. आणि भाजले की पहिल्यांदा हात जातो तो हळदीच्या डब्याकडे. कोणी कोरफड कापते, कोणी तेल लावते, कोणी टूथपेस्ट. या घरगुती उपायांविषयी आम्हाला आज स्पष्ट बोलायचे आहे.

हळदीच्या बाजूने हमखास दाखला दिला जातो तो अमेरिकेतल्या पेटंटचा. १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या दोन संशोधकांना जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने त्याला आव्हान दिले. जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा एक वैद्यकीय लेख पुराव्यात ठेवला. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द ठरले. ही लढाई योग्यच होती. पण त्या निकालाने सिद्ध काय झाले? एवढेच, की हा उपयोग नवा नाही. पेटंटला नावीन्य लागते. ते नव्हते म्हणून पेटंट गेले. हळदीने भाजलेली जखम बरी होते काय, हा मुद्दा तेथे निकालात निघालाच नाही. जुने असणे वेगळे आणि खरे असणे वेगळे. 'जुने आहे म्हणून खरे आहे' या एका वाक्यावर या देशात किती अन्याय पोसला गेला, हे आमच्या वाचकांना सांगायला नको!

जागतिक आरोग्य संघटना तर भाजलेल्या जागी हळद लावू नका, असे हळदीचे नाव घेऊन सांगते. डब्यातली हळद निर्जंतुक नसते. तिच्या थराखाली जखम किती खोल आहे हे डॉक्टरला दिसत नाही, आणि तो थर खरवडून काढताना रुग्णाचे हाल होतात. याच संघटनेच्या माहितीनुसार भारतात दरवर्षी दहा लाखांहून अधिक लोक मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजतात.

मग वनस्पती कुचकामी आहेत काय? मुळीच नाही. १९८५ साली मुंबईच्या वाडिया बाल रुग्णालयातील डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी भाजलेल्या जखमांवर वापरून तिचा अहवाल प्रसिद्ध केला. पुढे शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी निर्जंतुक केलेले केळीचे पान वापरले. या दोन पट्ट्यांची तुलना २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. जखमा दोन्हींनी भरल्या. केळीचे पान अधिक स्वस्त आणि तयार करायला सोपे ठरले. पान गुळगुळीत असते, जखमेला चिकटत नाही, म्हणून पट्टी बदलताना वेदना कमी. महापालिकेच्या रुग्णालयात, गरिबांसाठी, तपासून घेतलेले हे ज्ञान आहे. कोरफडीवरही अभ्यास झाले, पण ते लहान आहेत. त्यांवर विसंबून खोल जखम घरी बरी करू पाहणे धोक्याचे.

येऊरच्या पाड्यांतील आदिवासींचे वनस्पतिज्ञानही असेच तपासले जावे. ते कसोटीस उतरले, तर २००२ च्या जैविक विविधता कायद्यातील तत्त्वाप्रमाणे लाभाचा वाटा त्यांना मिळावा. नुसते 'प्राचीन' म्हणून गौरवायचे आणि हक्काच्या वेळी विसरायचे, हे चालणार नाही.

भाजल्यावर करायचे काय? जागा वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावी. बर्फ लावू नये. बांगड्या-अंगठ्या काढाव्यात, स्वच्छ कापडाने झाकावे आणि दवाखाना गाठावा. गायमुखपर्यंतच्या वाहतूक कोंडीत रुग्णवाहिका अडकते, म्हणून ही पहिली वीस मिनिटे फार मोलाची. पण ज्या वस्तीत नळाला तासभरच पाणी येते, तिथे वीस मिनिटे पाणी आणायचे कोठून? म्हणून पाण्याचा प्रश्न हाही भाजलेल्या माणसाच्या उपचाराचाच प्रश्न आहे.

वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे संविधानाच्या ५१ क कलमाने नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे. नागरिकाने हळदीचा डबा बाजूला ठेवावा. शासनाने आणि महापालिकेने प्रत्येक वस्तीत पुरेसे पाणी, प्रत्येक दवाखान्यात मराठी फलक आणि सरकारी रुग्णालयांत कसोटीस उतरलेली स्वस्त पट्टी द्यावी. कार्यकर्त्यांनी या तीन मागण्यांचे निवेदन घेऊन आपापले प्रभाग कार्यालय गाठावे!