यंत्रावरचा मालकंस

यंत्रावर राग वाजूच शकत नाही, असे आपल्याकडे छातीठोकपणे सांगितले जाते. मला हे मत पटत नाही. माझे साक्षीदार आहेत चरणजित सिंग.

मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीतल्या या वादकाने १९८२ साली 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही ध्वनिमुद्रिका केली. हाताशी रोलँडची तीन जपानी यंत्रे होती. एकाने ताल धरला, दुसऱ्याने खर्जाची साथ केली, तिसऱ्यावर त्यांनी भैरवी, ललत, मालकंस असे दहा राग वाजवले. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची या यंत्रांतली सोय त्यांनी मींडेसारखी वापरली.

मुद्रिका विस्मृतीत गेली. २०१० साली ती नेदरलँड्समधून पुन्हा निघाली, तेव्हा पाश्चात्त्य रसिक थक्क झाले. शिकागोत १९८७ च्या सुमारास गाजलेल्या 'ॲसिड हाऊस'चा नाद यात पाच वर्षे आधीच होता! मग आपणही माना डोलावल्या. मला खुपते ते हेच.

यात विलंबित आलाप नाही, ठेका क्षणभरही विसावत नाही, हे आक्षेप रास्तच आहेत. पण आक्षेप घ्यायला तरी आधी ऐकावे लागते ना?

चरणजित सिंग २०१५ साली गेले. मित्रहो, आपल्या स्नेहसंमेलनातही कुणी संगणकावर सूर जुळवीत येईल. परदेशी दाखल्याची वाट न पाहता त्याला निदान दहा मिनिटे तरी द्यावीत, असे मला प्रामाणिकपणे वाटते.