आज डब्यात काय? ओव्हरड्राइव्ह!

शुक्रवार, संध्याकाळचे सात. लॉगआउट करतोय तेवढ्यात कॉलेजच्या बँडमधल्या आमच्या लीडवाल्याचा फोन. 'व्हिसा आला रे! पुढच्या महिन्यात जर्मनी. जायच्या आधी एक जॅम मारू.' मी 'सही!' म्हणालो आणि फोन ठेवल्यावर पोटात गोळाच आला. एक तर माझी गिटार गेली तीन वर्षं कपाटावर धूळ खातेय. आणि दुसरं म्हणजे, आमच्या बँडला जो काही 'आवाज' होता, तो त्याच्या पायाखालच्या छोट्याशा डबीतून यायचा. लीडवाला चालला म्हणजे डबीही चालली.

आता पगार बरा आहे. नवं पेडल विकत घेणं काही अवघड नाही. पण तीन वर्षांत तू नेमकं काय बनवलंस, असं कुणी विचारलं तर एक्सेल शीट सोडून दाखवायला काय आहे माझ्याकडे? म्हटलं, बॉस, ही डबी आपण स्वतःच बनवायची. हातात चार वीकेंड.

ओव्हरड्राइव्हचा फंडा ऐकायला भारी वाटतो, पण मुळात आहे साधा. गिटारचा सिग्नल इतका वाढवायचा की त्याला पुढे जागाच उरत नाही. मग लाटेचे माथे दबतात आणि तो रवाळ, भरदार आवाज येतो. ७०च्या दशकाच्या अखेरीस जपानमधून आलेला आयबानेझचा ट्यूब स्क्रीमर हेच करतो. आत ४५५८ नावाची आठ पायांची आयसी आणि तिच्याभोवती दोन डायोड, एक सुलटा, एक उलटा. सिग्नल ०.६ व्होल्टच्या आसपास गेला की डायोड उघडतात आणि माथा हळूच गोल करतात. ड्राइव्हचा ५०० के पॉट शून्यावर असला तरी सिग्नल साधारण १२ पट वाढतो, पूर्ण फिरवला की ११८ पट. म्हणजे वाढवायचं आणि दाबायचं. अप्रेझलसारखंच!

शनिवारी डोंबिवलीहून निघालो, दादरला गाडी बदलली आणि ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला. यादी छोटी : झिरो पीसीबी, रेझिस्टर, कपॅसिटर, १एन४१४८ डायोड, तीन पॉट, दोन जॅक, नऊ व्होल्टची बॅटरी आणि तिची क्लिप. फूटस्विच तेवढा ऑनलाइन मागवला. दोन सल्ले फुकट देतो. आयसी थेट सोल्डर करू नका, आधी आयसी बेस लावा. आणि इनपुटचा जॅक स्टिरिओ घ्या. बॅटरीची काळी वायर त्याच्या मधल्या टोकाला जोडली की गिटारची वायर काढल्याबरोबर बॅटरीही बंद. नाहीतर काही दिवसांत तिची वाट लागलेली असते.

राहिली पेटी. प्लॅस्टिकच्या खोक्यात ट्यूबलाइटपासून चार्जरपर्यंत सगळ्यांची गुणगुण शिरते. धातूचंच हवं. स्टीलला भोक पाडताना घाम फुटतो, अॅल्युमिनियम मऊ. आईचा जुना अॅल्युमिनियमचा डबा सापडला. आईने 'झाकणासकट परत हवा' म्हणून दिला. तो आता कसा परत देणार, हे मी तेव्हा बोललो नाही.

दुसरा वीकेंड सोल्डरिंगमध्ये गेला. खिडकी उघडी ठेवा आणि नंतर हात स्वच्छ धुवा, त्या तारेत शिसं असतं. तिसऱ्या रविवारी बॅटरी लावली, गिटार जोडली, तार छेडली... शांतता. आयसीला बोट लावलं तर चटका! बोर्ड उलटा धरून डावं-उजवं मोजताना मी आयसीच उलटी बसवली होती. बेस होता म्हणून वाचलो. दुसरी आयसी खाच बघून लावली. मल्टिमीटर धरला. आठव्या पायावर नऊ व्होल्ट, चौथ्यावर शून्य, पहिल्या आणि सातव्यावर साडेचार. सगळं बरोबर, तरी आवाज नाही. ऑफिसात अशा वेळी आपण मेल फॉरवर्ड करतो. इथे सीसीमध्ये कुणीच नव्हतं. रात्री साडेअकराला एका सांध्यात सोल्डरचं ढेकूळ दिसलं. वरून चकाचक, आतून सुटलेलं. पुन्हा गरम केलं आणि तार छेडली.

घर दणाणलं. आतून आई धावत आली. 'अरे, स्पीकर फाटला का?'

आईला काय माहीत, ती किती बरोबर बोलली ते! किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने खरंच अॅम्पच्या स्पीकरचा पडदा ब्लेडने चिरला होता, आणि त्या फाटक्या आवाजातून १९६४चं 'यू रिअली गॉट मी' घडलं. तीन वीकेंड घालवून मी एक नीट चाललेला आवाज व्यवस्थित बिघडवला होता. इतकं समाधान मला एकाही प्रोजेक्टच्या गो-लाइव्हला मिळालं नव्हतं.

जॅमला दोन्ही डबे शेजारी ठेवले. त्याचा चकचकीत, माझा पोचे आलेला. माझी बोटं तासाभरात सोलवटली, कॉर्ड चुकत होत्या, आणि माझा डबा त्याच्या डबीपेक्षा जरा जास्तच खरखरत होता. 'पॉट साफ करू का?' मी विचारलं. तो म्हणाला, 'नको. तसाच राहू दे.' दोन-तीन गाणी तो माझ्याच डब्यावर वाजवत राहिला. निघताना त्याने गपचूप स्वतःची डबी माझ्या बॅगेत टाकली आणि आईचा डबा स्वतःच्या.

डबा जर्मनीला पोचलाय. आई अजून झाकण मागतेय. आणि मी या शनिवारी पुन्हा लॅमिंग्टन रोडला. या वेळी आयसी बेस दोन घेणार, आणि आईसाठी एक नवा डबा.