रेषेलगतचा खेळाडू

परवा गैबी चौकात चहाच्या गाड्यावर फुटबॉलचा विषय निघाला. यंदा पाटाकडील की शिवाजी, यावरून थोडी हमरीतुमरी झाली आणि मग कुणीतरी म्हणाले, "ते आपलं कोल्हापूरचं पोरगं, वर्ल्डकप खेळल्यालं, अनिकेत जाधव. त्याचं काय झालं रं? गायबच झालं की!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. घरी आल्यावर मात्र मला माझाच राग आला. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच, आणि 'पुढं काय?' हा प्रश्न मला भावकीतल्या प्रत्येक लग्नात विचारला जातो. तो किती बोचतो हे ठाऊक असूनही दुसऱ्याच्या बाबतीत मी तोच प्रश्न किती सहज मान्य केला!

तेव्हा आधी हिशेब नीट मांडू. अनिकेतचा जन्म २००० सालचा, कोल्हापूरचा. वडील रिक्षाचालक. लहान वयात त्याची निवड राज्य शासनाच्या क्रीडाप्रबोधिनीत झाली आणि तो पुण्याला गेला. २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात भरला. फिफाच्या विश्वचषकात भारताने उतरण्याची ती पहिलीच वेळ, आणि त्या संघाच्या आघाडीत हा आपला पोरगा होता. दिल्लीच्या मैदानावर भारत अमेरिकेकडून ३-०, कोलंबियाकडून २-१ आणि घानाकडून ४-० असा हरला. कोलंबियाविरुद्धचा एकमेव गोल जॅक्सन सिंगचा. वर्तमानपत्रांचे कौतुक बहुधा तिथेच संपले आणि चौकातल्या मंडळींची आठवणही तिथेच थांबली.

पण खेळाडू थांबला नव्हता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात या मुलांचा 'इंडियन ॲरोज' हा संघ आय-लीगमध्ये उतरला. पहिल्याच सामन्यात त्यांनी चेन्नई सिटीला ३-० असे हरवले, त्यातले दोन गोल अनिकेतचे. २०१९ च्या सुरुवातीला तो इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्स क्लबात तीन महिने सरावाला होता. (हा क्लब पुण्याच्या व्यंकीज मंडळींच्या मालकीचा आहे, ही गंमत चहाच्या गाड्यावर कुणालाच ठाऊक नव्हती.) मग इंडियन सुपर लीगमध्ये जमशेदपूर, त्यानंतर हैदराबाद. २०२१-२२ च्या मोसमात हैदराबादने ईस्ट बंगालला ४-० असे धुतले, त्यात ओगबेचेचे तीन आणि चौथा अनिकेतचा. मार्चमध्ये केरळा ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून हैदराबादने ती लीग जिंकली. २०२२ सालीच मुख्य भारतीय संघासाठी त्याची निवड झाली. पुढे तो ओडिशाकडून खेळला.

याला 'गायब झाला' म्हणायचे असेल, तर आपण सगळेच गायब आहोत.

त्याची जागाही लक्षात घ्या. तो विंगर, म्हणजे रेषेलगत खेळणारा. या खेळाडूचे अर्धे काम चेंडूविनाच असते. त्याने कडेने पळायचे, समोरच्या बचावपटूला ओढून बाजूला न्यायचे, आणि मधल्या गड्यासाठी मोकळी जागा करायची. वीस वेळा पळावे तेव्हा एकदा पास येतो. तोही कधी पुढे जातो, कधी मागे राहतो. नव्वद मिनिटांत एका खेळाडूच्या पायाशी चेंडू फार तर दोन-तीन मिनिटे असतो. बाकीचा वेळ तो काय करतो हे पाहणारा प्रेक्षक विरळा. गोल झाला की गोल करणाऱ्याचे नाव होते, ज्याने बचाव फोडला त्याला टाळीही नाही. अशा खेळाडूची कारकीर्द गोलांच्या आकड्यांवर मोजणे म्हणजे पाटकऱ्याची किंमत उसाच्या टनावर ठरवण्यासारखे आहे.

आपण खेळाडूचा हिशेब एकाच मापाने करतो: तो छेत्री झाला का? सुनील छेत्री २००५ पासून देशासाठी खेळला, जून २०२४ मध्ये निवृत्त झाला, आणि २०२५ मध्ये वयाच्या चाळिशीत त्याला पुन्हा बोलवावे लागले. असा माणूस एका पिढीत एखादाच होतो. ज्या देशाला चाळिशीतल्या खेळाडूला परत हाक मारावी लागते, त्या देशाने मधल्या पायऱ्यांवरच्या पोरांना 'काय झालं त्याचं?' असे विचारावे, हे मला अन्यायाचे वाटते.

आता कोल्हापूरकडे येतो, कारण मला खरे बोलायचे आहे ते इथेच. फुटबॉलवर एवढा जीव टाकणारे दुसरे गाव महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, शिवाजी, प्रॅक्टिस, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल हे संघ उतरतात तेव्हा पेठाच्या पेठा रिकाम्या होतात. मी स्वतः कागलहून एस.टी.ने जाऊन उन्हात उभा राहून सामने पाहिले आहेत आणि दुसऱ्या दिवशी घसा बसलेला घेऊन तासाला बसलो आहे. (सरांनी तेव्हा प्रश्न विचारला नाही, हे माझे भाग्य.) पण या एवढ्या वेडातून विश्वचषकापर्यंत पोहोचलेला अनिकेत घडला कुठे? पुण्याच्या प्रबोधिनीत. इथेच राहिला असता तर तो कदाचित एखाद्या तालमीचा लाडका खेळाडू झाला असता. चौकात त्याचे डिजिटल फलक लागले असते, आणि गुडघा गेला त्या दिवशी ते फलक उतरले असते.

हे मी हवेत बोलत नाही. माझा आतेभाऊ कोल्हापुरातल्या एका मंडळाकडून चार मोसम खेळला. मंडळाचे नाव लिहीत नाही. तोही उजव्या रेषेलगतचाच. पहिल्या वर्षी त्याला बूट मिळाले, दुसऱ्या वर्षी मोसमाचे थोडे पैसे. तिसऱ्या वर्षी एका सामन्यात त्याने शेवटच्या मिनिटाला गोल केला तेव्हा लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन चौकापर्यंत नेले. माझी आत्या त्या रात्री रडली होती. चौथ्या वर्षी एका धडकेत गुडघ्याचे लिगामेंट तुटले. मंडळाची माणसे दोनदा घरी आली, फळे घेऊन आली, 'काळजी करू नका' म्हणाली. शस्त्रक्रियेचा खर्च आत्याच्या म्हशीने आणि सोसायटीच्या कर्जाने भागवला. पुढच्या मोसमात त्याच्या नंबरची जर्सी दुसऱ्याच्या अंगावर होती. चूक कुणाची? कुणी काही लिहूनच दिले नव्हते. तोंडी शब्दावर तो खेळला आणि तोंडी शब्दावरच घरी बसला. आता तो पंचतारांकित एमआयडीसीत पाळीवर जातो. खेळापायी बारावी अर्धवट सुटली होती, त्यामुळे हेल्परवरच लागला.

यावर ज्येष्ठ मंडळींचे म्हणणे मला पाठ आहे. तालमीचा फुटबॉल ही हौस आहे, पेठेची अस्मिता आहे, त्यात पैशाची आणि कागदाची भाषा आणू नका. मला हे म्हणणे एके काळी पटायचे. पण पैसा तर मैदानात केव्हाच आला आहे. बक्षिसांच्या रकमा येतात, पुढारी येतात, बाहेरचे आणि परदेशीही खेळाडू आणले जातात, आणि त्यांच्याशी व्यवहार ठरवूनच आणले जातात. मग हौस फक्त गल्लीतल्या पोराच्याच वाट्याला का? परक्याशी करार आणि घरच्याशी भावना, ही सोयीची अस्मिता झाली.

दुसरे म्हणणे आमच्या काही प्राध्यापकांचे. आधी पदवी घ्या, मग खेळा. त्यांचा हेतू चांगला आहे, आणि आतेभावाकडे पाहिले की मलाही ते पटते. तरीही एक अडचण उरते. शाळकरी वयात निवड झाली म्हणूनच अनिकेत वर गेला. पायात जोर असण्याची वर्षे दहा-बारा, आणि पदवीची वर्षे नेमकी त्यातच. खाशाबा जाधवांची गोष्ट आपण दरवर्षी सांगतो. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी लोकवर्गणी झाली, राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण टाकले, आणि खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणले. गोष्ट सांगताना आपला ऊर भरून येतो. पण एका प्राचार्यांना घर गहाण टाकावे लागते, ही व्यवस्थेची स्तुती आहे की निंदा? प्रत्येक कॉलेजला खर्डेकर मिळत नाहीत.

वर पोहोचले म्हणजे सगळे सुरक्षित, असेही नाही. २०२५ साली इंडियन सुपर लीगच्या हक्कांचा करार लोंबकळत पडला, स्पर्धा लांबणीवर गेली, आणि बेंगळुरूसारख्या नावाजलेल्या क्लबाने खेळाडूंचे पगार थांबवल्याचे जाहीर केले. देशातल्या सर्वांत मोठ्या लीगमधल्या पोरांचीही रात्र अशी काळजीत जात असेल, तर तालमीच्या पोराने कुणाच्या भरवशावर पळावे?

माझे मागणे फार मोठे नाही. स्टेडियमला नवा स्टँड नको, पुतळाही नको. मंडळाने खेळाडूला एक साधा कागद द्यावा. मोसम किती, पैसे किती, आणि दुखापत झाली तर दवाखान्याचा खर्च कुणाचा, एवढे त्यावर असावे. बक्षिसाच्या रकमेतला एक हिस्सा गुडघ्यांसाठी बाजूला ठेवावा. आणि खेळापायी परीक्षा बुडालेल्या पोराला कॉलेजने पुन्हा बसू द्यावे, त्याच्याकडे उनाड म्हणून पाहू नये. हे लिहिताना मला ठाऊक आहे की माझ्या वर्गातले निम्मे मित्र यातल्या कुठल्या ना कुठल्या मंडळाचे कट्टर आहेत. त्यांनी रागवावे, पण आधी आपल्या मंडळाच्या जुन्या खेळाडूंपैकी तिघांच्या घरी जाऊन यावे.

अंकाला देण्यापूर्वी हा लेख मी आतेभावाला वाचून दाखवला. तो रात्रपाळीहून आला होता, भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होता. विंगरचा भाग आला तेव्हा त्याने डोळे उघडले आणि 'वीस नव्हं, तीस बार पळाय लागतंय' अशी दुरुस्ती केली. शेवटी म्हणाला, "चांगलं लिवलंयस. पन माझं नाव घालू नगं. पुढच्या सीजनला आपला बारका त्याच मंडळाकडनं उतरतोय."