फाईल दिली म्हणजे माहिती दिली नव्हे



माहितीच्या अधिकारात विम्याची किंवा अनुदानाची यादी मागितली की कधीकधी कागदाऐवजी सीडी हातात पडते. आतली फाईल उघडत नाही. नावाच्या शेपटीला 'डीबीएफ' अशी तीन अक्षरे असतात. संगणक शिकलेला पोरगा सांगतो, बिघडली आहे.

बहुतेक वेळा ती बिघडलेली नसते, जुनी असते. डीबेस आणि फॉक्सप्रो या प्रणालींची ही खतावणी. फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती २००४ सालची. २०१५ मध्ये कंपनीने तिची देखभालही थांबवली. तरी लिब्रे ऑफिस या फुकट मिळणाऱ्या प्रणालीत, किंवा एक्सेलमध्येही, ही फाईल उघडते. नुसती शेपटी बदलून भागत नाही. सरकीच्या पोत्याला ज्वारीची चिठ्ठी लावली म्हणून आत ज्वारी होत नाही. फाईल उघडून, 'सेव्ह ॲज' करून नव्या प्रकारात साठवावी लागते. शेरे वेगळ्या, त्याच नावाच्या 'एफपीटी' फाईलमध्ये असू शकतात. तीही मागून घ्या. नावे इंग्रजी अक्षरांच्या कचऱ्यासारखी दिसली तर तो जुना मराठी फॉन्ट समजा. तो युनिकोडमध्ये बदलता येतो, पण रफार आणि वेलांट्या डोळ्यांनी तपासा.

खरा घात पुढेच आहे. सीएसव्ही करून ती एक्सेलमध्ये थेट उघडली की गट नंबर १२/३ ची तारीख होते! खाते क्रमांकाच्या आधीची शून्ये गळतात, पंधरा आकड्यांपुढचे आकडे शून्य होतात. यादीत गट चुकला, खाते चुकले, की पैसे अडतात आणि खिडकीवरचा बाबू म्हणतो संगणक चुकत नाही. म्हणून सीएसव्ही उघडताना हे रकाने 'टेक्स्ट' ठरवून घ्या.

पण हा सगळा उपद्व्याप शेतकऱ्याने का करावा? २००५ च्या कायद्यात संगणकातल्या माहितीची छापील प्रत मागण्याचा हक्क आहे. कलम ७(९) म्हणते, ज्या रूपात मागितली त्याच रूपात माहिती साधारणपणे द्यावी. कार्यालयाची साधनसामग्री फार खर्ची पडते, ही सबब त्याच कलमात आहे आणि ती पुढे केली जाईल. तेव्हा अर्जातच लिहा: 'आमच्या गावापुरती छापील प्रत द्यावी.' पानाला दोन रुपये गेले तरी जाऊ द्यात. सीडी आधीच घेतली असेल तर मूळ फाईलला हात न लावता नक्कल करून कामाला लागा. अपील करायची वेळ आली तर मूळच दाखवावी लागेल.