अंतर भागिले वेग

मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को किती लांब? नेटवर विचारा, लगेच उत्तर मिळतं: साधारण १३,५०० किलोमीटर, साडेसतरा तास. म्हणजे काय, तर पृथ्वीच्या गोळ्यावर सर्वात जवळची रेघ काढायची, ताशी ८०० ने भागायचं, वर चढ-उताराचा अर्धा तास. झालं! माझं भांडण गणिताशी नाही. या आकड्याच्या जोरावर आपण घरच्यांना जे पटवतो, त्याच्याशी आहे.

मुळात विमान त्या रेघेवरून उडतच नाही. एअर इंडियाने २०१६ साली दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिक सोडून पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. सरळ रेघ १२,४०० च्या आत, हा रस्ता १५,३०० च्या आसपास. तरी वेळ कमी झाला, साडेचौदा तासांवर आला! कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वारा. (पृथ्वी फिरते म्हणून नव्हे हो, हवाही तिच्याबरोबरच फिरते.) उलट एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने हवाई हद्द बंद केली आणि आपल्या विमानांना वळसा पडला. रेघ तेवढीच, तास वाढले.

आणि विमानतळावर राहतं कोण? माझं गाव राहू, तालुका दौंड. भीमा आणि मुळा-मुठेच्या बेचक्यातलं, ऊस-गुऱ्हाळांचं बेट. तिथून उसाच्या ट्रॉल्यांमागून सोलापूर रोड, मग हडपसर, मग घाट, मग मुंबई, वर तीन तास आधी हजेरी. लोहगावची धावपट्टी जेमतेम अडीच किलोमीटर, तीही हवाई दलाची. अमेरिकेचं विमान तिथून नाही. फ्रँकफर्टचं २००८ ला आलं, २०२० ला गेलं. पुरंदरच्या विमानतळाची घोषणा २०१६ ची. तिथे जमीन जाणार सात गावांची आणि वाचणार आपले दोन-तीन तास. हा हिशोब तर कुठल्याच साईटवर नाही.

बॅकबोन कितीही फास्ट असो, घरापर्यंतची वायर कुजकी असेल तर पेज उघडत नाही. हे आपल्याला, आयटीवाल्यांना, कोणी शिकवायला हवं का? तरी ऑनसाइटला निघताना आपण आईला बिनधास्त सांगतो, "लांब कुठंय, सतरा तासांवर तर आहे."

साफ खोटं. रात्री तीनला फोन आला, की आधी रजा, मग मिळेल ते तिकीट, परतीच्या व्हिसाची धाकधूक, आणि मग कुठे ते सतरा तास. गावाकडे मयत ताटकळत ठेवत नाहीत. पोरगा पोचतो तो सावडायला, नाहीतर थेट दहाव्याला.

जाऊ नका असं म्हणत नाहीये. जरूर जा. पण आकडा खरा सांगा: "दारात यायला दोन-तीन दिवस, तेही रजा मिळाली तर." आणि त्या दोन-तीन दिवसांत दवाखान्यात कोण पळणार, ते जायच्या आधी ठरवा. चुलतभाऊ असेल, शेजारचे काका असतील. त्यांच्या हातात पैसे द्या, औषधांचे कागद द्या. आपल्या वाटचं अंतर शेवटी तेच कापत असतात.