काळ्या लोकरीचे मोल

अमळनेर-पारोळ्याच्या शिवारातील कापसाची शेवटची वेचणी आटोपली की मोकळ्या रानात मेंढपाळांचे वाडे दिसू लागतात. शेतकरी आपल्या शेतात मेंढ्या बसवून घेतो. मेंढ्यांना पऱ्हाटीचा पाला मिळतो, जमिनीला लेंडीखत मिळते. कोणत्याही करारपत्राशिवाय चालत आलेला हा व्यवहार ग्रामजीवनातील परस्परपूरकतेचा उत्तम नमुना होय. साक्री-धुळे भागातील ठेलारी मेंढपाळांनी तो पिढ्यानपिढ्या जपला. मल्हारराव होळकरांचे बालपणही खानदेशातील तळोद्याला, मामाच्या घरी, मेंढ्या राखण्यात गेले होते.

या व्यवहाराचा एक धागा मात्र आज तुटत चालला आहे. तो आहे लोकरीचा. दख्खनच्या पठारावरील मूळ मेंढी काटक आणि दुष्काळात तग धरणारी. तिची लोकर बहुधा काळी, राठ आणि जाडीभरडी. ती अंगाला बोचते, म्हणून तलम कापडासाठी निरुपयोगी. परंतु घोंगडी, जेन आणि गालिचे यांसाठी हाच राठपणा गुण ठरतो. चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी पावसात शेतकऱ्याचे छत्र होते आणि थंडीत अंथरूण-पांघरूण.

एका मेंढीपासून वर्षाकाठी मिळणारी लोकर अर्ध्या किलोच्या आसपास. तिला मिळणाऱ्या भावातून अनेकदा कातरणीची मजुरीही सुटत नाही. त्यामुळे कातरलेली लोकर बांधावर टाकून दिली जाते. दुसरीकडे, आपलाच गालिचा उद्योग न्यूझीलंडची लोकर आयात करतो आणि कृत्रिम धाग्याच्या स्वस्त ब्लँकेटांनी घोंगडीची जागा घेतली आहे. स्वदेशीचा उच्चार करणाऱ्या समाजाला ही विसंगती खटकू नये काय?

मेंढपाळाला दोष देण्यात अर्थ नाही. लोकर विकत नाही आणि मटणाला भाव आहे, हे पाहून तो वजनदार जातीचा नर कळपात आणतो. त्याच्या संसाराच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच आहे. पण अशा संकरातून मूळ वाण हळूहळू विरघळतो आणि एकदा गेलेला वाण अनुदानाने परत येत नाही. २०१९ च्या पशुगणनेत राज्यात सुमारे २७ लाख मेंढ्या मोजल्या गेल्या. पण केवळ डोकी मोजून वाण टिकला की नाही, हे कसे कळणार?

राज्यात १९७८ पासून मेंढी व शेळी विकास महामंडळ आहे. २०१७ पासून महामेष योजनाही आहे. शासनाने त्यांच्या कामात जातिवंत दख्खनी नर राखणे, लोकरीची प्रतवारी आणि हमीची खरेदी यांना अग्रक्रम द्यावा. २००६ च्या वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क मान्य केला आहे. तो कागदावरून कुरणात उतरला पाहिजे. सहकारी संस्थांनी लोकर पिंजण्या-कातण्याची केंद्रे उभारावीत. आणि घराघरांतून वर्षाला एक घोंगडी विकत घेतली गेली, तर मागावरचा हात थांबणार नाही.

२०२५ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवींची त्रिशताब्दी आपण सोहळ्याने साजरी केली. महेश्वरला मागवाल्यांना आश्रय देऊन ज्यांनी वस्त्रोद्योग उभा केला, त्यांच्या नावाचे महामंडळ असलेल्या राज्यात मेंढपाळाची लोकर बांधावर कुजत राहावी, हे शोभणारे नाही. जयंतीच्या मिरवणुकीत खांद्यावर मिरवलेली घोंगडी उद्याही इथल्याच मेंढीच्या लोकरीची असावी, एवढी व्यवस्था करणे हेच त्या पुण्यस्मृतीला खरे अभिवादन ठरेल.