खोडरबर कोणाच्या हाती?

बँकेत असताना थकबाकीदारांच्या लिलावाच्या जाहिराती मी वर्तमानपत्रांकडे धाडीत असे. चार दिवसांत त्याच कागदात भजी बांधली जात आणि कर्जदाराची अब्रू तेवढ्यावर सुटे. आता कागद रद्दीत जातो, नाव जात नाही.

स्पेनमधल्या एका गृहस्थाच्या घराच्या लिलावाची जाहिरात १९९८ साली छापली गेली. देणे केव्हाच मिटले, तरी गूगलवर नाव टाकताच ती पुढे येई. २०१४ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने नावाच्या शोधातून तो दुवा काढायला लावला. वृत्तपत्राचे पान शाबूत राहिले. मला हे पटते. व्याजासकट फेडणाऱ्याच्या मुलीच्या सोयरिकीत ती जाहिरात कशाला?

धास्ती आहे ती बड्या बुडव्यांची. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती पुसून घेण्याचा हक्क दिला, आणि माहिती अधिकारातल्या वैयक्तिक माहितीच्या कलमातली जनहिताची अट वगळली. कलम ८(२) उरले आहे, पण ते अधिकाऱ्याच्या विवेकावर. (खुर्चीतला विवेक मी जवळून पाहिला आहे.) २०१८ च्या मसुद्यात पत्रकारितेला असलेली सूटही या कायद्यात नाही. उद्या एखादा बुडवा म्हणाला, ‘माझी संमती नव्हती, पुसा’, तर संपादकाने कोणते कलम दाखवायचे?